नाकापेक्षा मोती जड : स्पोर्ट्स कारच्या अंतर्भागाची समीक्षा

समीक्षा म्हटली की आपल्यासमोर कादंबरी येते, नाटक येतं, फार तर एखादं चित्र. आज मी समीक्षेसाठी एक यादी घेतली आहे. स्पोर्ट्स कार घेणाऱ्या गिऱ्हाइकापुढे कंपनी जी यादी ठेवते ती. सीटला कोणतं लेदर, त्यावरच्या शिलाईचा दोरा कोणत्या रंगाचा, डॅशबोर्डवर लाकूड की कार्बन फायबर, सीटबेल्ट काळा की पिवळा, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीचे वरचे किती पैसे.

तुम्ही म्हणाल, सर, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं आणि आता हे काय काढलंत? आधीच सांगतो, माझ्याकडे अशी गाडी नाही आणि ती घेण्याइतकं पेन्शनही मला मिळत नाही. पण ही यादी वाचण्यासारखी आहे. घरची साधी गाडी दहा कामं करते. मुलांना शाळेत सोडते, भाजी आणते, लग्नाला नेते. तिच्यात काय असावं याला दहा उत्तरं असतात. स्पोर्ट्स कार मात्र मुख्यतः एकाच कामासाठी बनते : चालवण्याचा आनंद. हेतू इतका उघड असला की आत घातलेली प्रत्येक वस्तू त्या हेतूच्या बाजूने उभी आहे की आडवी, हे तपासता येतं. आपण घराच्या टाइल्स निवडतो, ओट्याचा दगड निवडतो, तेव्हाही प्रश्न हेच असतात. फक्त तिथे ते इतके उघडे पडत नाहीत.

उदाहरणादाखल मी मुख्यतः एकच गाडी घेतो, पोर्शे ९११. जर्मनीत श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेनला ती बनते. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांनी पाहिली, आणि तिच्या ऑप्शन्सची यादी ही आज गाड्यांच्या दुनियेत एक दंतकथा झाली आहे.

आता थेट १९७२ सालात जाऊ. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने ‘कारेरा आरएस २.७’ मांडली. ही गाडी शर्यतीत उतरवायची तर नियमाप्रमाणे तशा ५०० गाड्या रस्त्यावर चालवायला लोकांना विकणं भाग होतं. किंमत सुमारे ३४,००० मार्क. गिऱ्हाइकापुढे मुख्यतः दोन वाटा होत्या. एक ‘टूरिंग’, म्हणजे नेहमीच्या सुखसोयींची. दुसरी ‘स्पोर्ट’. या ‘स्पोर्ट’साठी मूळ किमतीवर ७०० मार्क जादा मोजावे लागत.

आणि हे ७०० मार्क देऊन काय मिळायचं? नीट ऐका. मागच्या सीट नाहीत. खाली गालिचा नाही. दाराला हात टेकायची जागा नाही. डॅशबोर्डवरचं घड्याळ नाही. दार ओढायला नुसता एक पट्टा. म्हणजे पैसे जास्त आणि वस्तू कमी. आपल्याकडे एखाद्या दुकानदाराने असा व्यवहार सांगितला असता तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. पण हिशेब बघा. टूरिंग गाडीचं वजन १,०७५ किलो, स्पोर्टचं ९६०. फरक ११५ किलोंचा. एक धडधाकट माणूस आणि त्याचं प्रवासाचं सामान कायमचं उतरवून ठेवल्यासारखं. वजन कमी झालं की गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि वळणावर हलकी वाटते. गिऱ्हाइकाने विकत घेतली ती वजाबाकी, आणि त्या वजाबाकीला कारण होतं.

पण लगेच ‘साधेपणाचा विजय असो’ म्हणू नका. जुलै १९७३ पर्यंत अशा १,५८० गाड्या विकल्या गेल्या. त्यांतल्या ‘स्पोर्ट’ फक्त २००. ‘टूरिंग’ १,३०८. बाकीच्या थोड्या शर्यतीसाठीच्या किंवा अगदी मूळ रूपातल्या. म्हणजे ज्यांनी ही अस्सल गाडी घेतली त्यांच्यातल्याही बहुसंख्यांना हात टेकायला जागा हवी होती, घड्याळ हवं होतं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्याला त्याच गाडीतून पाचशे किलोमीटर जायचं आहे, त्याला गालिच्यामुळे कमी होणारा आवाज ही चैन वाटत नाही. त्याचा हेतू थोडा वेगळा आहे, आणि त्या हेतूला ती वस्तू शोभते.

‘शोभते’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. इथे दोन जुन्या माणसांना मदतीला बोलावतो.

पहिला इमान्युएल कांट. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना कांट नवीन नाही. १७९० च्या त्याच्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ या ग्रंथात एक भेद आहे. काही सौंदर्य मुक्त असतं. फुलाचं सौंदर्य पाहताना ते फूल कशासाठी आहे हे आपण विचारत नाही. काही सौंदर्य आश्रित असतं, म्हणजे ती वस्तू काय व्हायला हवी याच्या कल्पनेवर टेकलेलं असतं. इथे कांटने दिलेल्या उदाहरणांत इमारत आहे आणि घोडाही आहे. फेरारीच्या चिन्हात घोडा, पोर्शेच्या चिन्हात घोडा. तेव्हा हे उदाहरण आपल्याला आयतंच मिळालं. घोडा सुंदर म्हणताना तो धावू शकेल असा आहे का, हे आपण मनात धरलेलं असतं. दुसरीकडे कांट चित्राच्या चौकटीबद्दल बोलतो. चौकट, पुतळ्यावरचं वस्त्र, इमारतीभोवतीचे खांब या गोष्टी मूळ कृतीच्या बाहेरच्या असूनही तिची शोभा वाढवू शकतात, पण त्यांचं स्वतःचं रूप त्या कृतीशी जुळलं तरच. नुसतं लक्ष वेधून घ्यायला सोनेरी चौकट लावली, तर ती नुसती सजावट होते आणि खऱ्या सौंदर्याला बाधा आणते.

दुसरा आपला क्षेमेंद्र. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित, ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिणारा. त्याचं म्हणणं असं, की अलंकार आपल्या जागी असला तरच अलंकार. कमरपट्टा गळ्यात घातला आणि पैंजण हातात, तर लोक हसणारच. दागिना तोच, सोनं तेच, जागा चुकली. हे त्याने काव्याबद्दल सांगितलं, पण गाडीच्या यादीलाही ते लागू पडतं. आपल्या भाषेने तर हे वजनाच्या हिशेबात सांगून ठेवलंय : नाकापेक्षा मोती जड. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी होते, कारण इथे मोत्याचं वजन खरोखर काट्यावर करता येतं.

तर आता ही कसोटी घेऊन गाडीत बसू.

हाताला पहिलं लागतं स्टिअरिंग. त्यावर गुळगुळीत लेदर घ्यायचं की अल्कांतारा? अल्कांतारा बनतं इटलीत, पण शोध जपानी. तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये हे कापड तयार केलं, आणि पुढे इटलीत उंब्रिया प्रांतात त्याचा कारखाना उभा राहिला. पॉलिएस्टरचे अतिसूक्ष्म धागे आणि पॉलियुरेथेन. स्पर्श उलट्या बाजूच्या मऊ चामड्यासारखा, पण चामडं नाही. शर्यतीच्या गाडीत त्याचं काम काय? हातमोजे घातलेला हात त्यावरून सटकत नाही. डॅशबोर्डच्या वर लावलं तर ऊन पडूनही ते चमकत नाही, म्हणून समोरच्या काचेत प्रतिबिंब उमटत नाही. त्या दोन जागी ते शोभतं.

पण रोज ऑफिसला गाडी नेणारा माणूस हातमोजे घालत नाही. त्याच्या हाताचा घाम आणि तेल त्या बारीक लवेत मुरतं, लव बसते, दोनतीन वर्षांत स्टिअरिंग ठिकठिकाणी तुकतुकीत दिसायला लागतं. मग ते ब्रशने, ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा साफ करत बसायचं. अशा माणसाने स्टिअरिंगला साधं गुळगुळीत लेदर घेतलं तर तो भित्रा ठरत नाही, तो औचित्य जाणणारा ठरतो. मुंबईच्या जूनमध्ये तर याचा प्रत्यय आठवड्यातच येईल.

सीटचं बघा. सगळ्यात महाग लेदर, सगळ्यात स्वस्त कापड, अशी साधारण उतरंड असते. पण वळणावर अंगाला धरून ठेवायचं काम कापड चांगलं करतं. गुळगुळीत लेदरवर माणूस सरकतो. उन्हात कापड कमी तापतं. म्हणून जुन्या स्पोर्ट्स कारच्या सीटना मधोमध कापड असायचं, चौकड्यांचं, बारीक ठिपक्यांचं. पोर्शेने १९७७ च्या ९२८ मध्ये ‘पाशा’ नावाचं कापड आणलं. शर्यतीच्या चौकड्यांच्या झेंड्याने वाऱ्यावर लाटा घ्याव्यात तसं. काहींना ते पाहून गरगरतं. मला ते आवडतं. आणि इथे माझा मुद्दा नीट समजून घ्या. आडोल्फ लूससारखा मी अलंकाराचा वैरी नाही. रंगाला आणि नक्षीला वजन नसतं. लाल सीट काळ्या सीटपेक्षा एक ग्रॅमही जड नाही. जिथे हेतूला धक्का लागत नाही तिथे माणसाने मोकळं व्हावं, हसावं. एकच पथ्य : डॅशबोर्डचा वरचा भाग गडद ठेवा, नाहीतर काचेत तोच दिसत राहील.

आता कार्बन फायबर. १९८१ मध्ये मॅक्लारेनने फॉर्म्युला वनच्या गाडीचा मुख्य सांगाडाच कार्बन फायबरचा केला, तेव्हा त्यामागे हलकेपणा आणि ताकद ही दोन कारणं होती. आजही सीटचं कवच कार्बनचं असेल, तर त्याला अर्थ आहे. पण यादीत तुम्हाला दाराच्या उंबऱ्याची पट्टी कार्बनची मिळते, गिअरभोवतीची चौकट कार्बनची मिळते. तिथे कार्बन काही पेलत नाही. तो कार्बन असल्याची खूण तेवढी दाखवतो. कांटची सोनेरी चौकट ती हीच.

यादीत आणखी खाली जा. एअर कंडिशनरच्या जाळीच्या पट्ट्यांना लेदर. उन्हाच्या झापांना लेदर. गाडीच्या किल्लीला गाडीच्याच रंगाचा मुलामा. माहितीपुस्तिकेला लेदरचं पाकीट. आणि माझी सगळ्यात आवडती नोंद : फ्यूज बॉक्सच्या झाकणाला लेदर. फ्यूज बॉक्स! चालकाच्या पायापाशी, अंधारात. तो उघडण्याची वेळ वर्षानुवर्षं येत नाही.

इथे कोणी बचाव करील, की देवळातल्या शिल्पकारानेही भिंतीकडच्या बाजूला कोरीवकाम केलंच की, जे कोणाला दिसत नाही. हा बचाव गंभीर आहे, म्हणून त्याचं उत्तर देतो. शिल्पकार मागची बाजू कोरतो ती मूर्ती पुरी व्हावी म्हणून. तो निर्णय घडवणाऱ्याचा असतो आणि मूर्तीतूनच येतो. फ्यूज बॉक्सचं लेदर गाडीतून येत नाही, यादीतून येतं. ती नोंद तिथे होती, म्हणून कोणीतरी तिच्यापुढे खूण केली. करणाऱ्या कारागिराचा हात मात्र उत्तमच असतो. टाका सरळ, कोपरा चोख. त्या कौशल्याचा असा वापर व्हावा याचं मला वाईट वाटतं.

याच्या अगदी उलट एक उदाहरण सांगतो. १९९२ मध्ये मॅक्लारेनची ‘एफ१’ ही रस्त्यावरची गाडी आली. तिचे कर्ते गॉर्डन मरे. त्यांना प्रत्येक ग्रॅमचा हिशेब हवा होता. म्हणून गाणी ऐकायला केनवुड कंपनीकडून खास हलकी यंत्रणा करून घेतली. सोबतची हत्यारं टायटॅनियमची. आणि इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख! सोनं, म्हणजे दागिन्यांचा राजा. पण इथे ते उष्णता परतवण्यात फार चांगलं, म्हणून लावलं. बाहेरून कोणाला दिसावं म्हणून नव्हे. सोनं असूनही दागिना नाही, आणि तरी झाकण उघडलं की डोळे दिपतात. क्षेमेंद्राने हे पाहिलं असतं तर मान डोलावली असती.

आता जरा अवघड वळण घेऊ. साधेपणा हाच दागिना होऊ शकतो का?

फेरारीची १९८७ ची ‘एफ४०’ बघा. गालिचा नाही, रेडिओ नाही, दाराला आतून हँडल नाही. एक दोरी ओढायची की दार उघडतं. एअर कंडिशनर मात्र आहे, कारण आत भट्टी होते. ही निवड प्रामाणिक आहे. जे काढलं ते वजनासाठी, जे ठेवलं ते माणूस टिकावा म्हणून.

२०१६ मध्ये पोर्शेने ‘९११ आर’ काढली, फक्त ९९१ गाड्या. एअर कंडिशनर आणि रेडिओ मुळात काढून टाकलेले, हवे असतील तर मागून घ्यायचे. दाराला पट्टा. आणि हाताने टाकायचा गिअर. यामागे एक भांडण होतं. २०१३ च्या ‘जीटी३’ मध्ये पोर्शेने हाताचा गिअर काढून टाकला होता. आपोआप गिअर बदलणारी पेटी वेगवान होती, घड्याळ तिच्या बाजूने होतं. पण गाडी चालवणारी माणसं रागावली. त्यांचं म्हणणं, आम्हाला वेग हवाच आहे, पण त्यात आमच्या हातापायांचा वाटाही हवा आहे. २०१७ मध्ये ‘जीटी३’ ला हाताचा गिअर परत मिळाला, तोही वरचे पैसे न घेता. माझ्या मते त्या सगळ्या लांबलचक यादीतली सगळ्यात मोलाची नोंद हीच. ती पृष्ठभागाबद्दल नाही. चालवणारा माणूस गाडीत कर्ता आहे की प्रवासी, या प्रश्नाचं ते उत्तर आहे.

पण ‘९११ आर’चं पुढे काय झालं? तिचा भाव बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. चालवण्यासाठी सोलून हलकी केलेली गाडी कित्येकांनी आच्छादन घालून गॅरेजमध्ये ठेवली. साधेपणा तिजोरीत गेला. ‘जीटी२ आरएस’ च्या २०१८ च्या गाडीला अमेरिकेत ‘वायसाख’ नावाचं पॅकेज होतं. ३१,००० डॉलर जादा, आणि वजन काही किलो कमी. म्हणजे किलोला हजार डॉलरहून जास्त. शर्यतीच्या मैदानावर सेकंदाचा अंश मोजणाऱ्याला हा व्यवहार कळतो. पण पोट सुटलेला गृहस्थ हे पॅकेज घेतो, तेव्हा त्याच्या डॉक्टरकडे याहून स्वस्त उपाय असतो. (हशा)

आणि तो दाराचा पट्टा! १९७२ मध्ये त्याचं काम होतं. आज तो अशा गाड्यांमध्येही दिसतो ज्यांच्यात पडदे, मोटारी, स्पीकर सगळं आहे. २०१७ ची ‘कारेरा टी’ घ्या. तिच्यात पट्टा होता, आवाज अडवणारं अस्तर कमी होतं, काच पातळ होती, आणि कंपनीच्याच हिशेबाने वजन साधारण २० किलो कमी होतं. वीस किलो म्हणजे वीस किलो, ते मी नाकारत नाही. पण त्यात पट्ट्याचा वाटा किती? पट्टा तिथे आठवण म्हणून आहे. आठवण ठेवण्यात गैर काही नाही. मात्र तिला शिस्त म्हणू नये. संन्याशाची भगवी शाल खांद्यावर टाकली म्हणजे वैराग्य आलं असं होत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एवढे पर्याय असताना रस्त्यावर काय दिसतं? पुष्कळशा गाड्या आतून काळ्या. का? विचारलं तर उत्तर ठरलेलं : पुढे विकताना बरं पडतं.

हे उत्तर जरा थांबून ऐका. माणसाने आयुष्यभर पैसे साठवून स्वतःच्या आनंदासाठी घेतलेली ही वस्तू. शेकडो रंग त्याच्यापुढे मांडलेले. आणि तो निवडतो कोणासाठी? तीनचार वर्षांनी येणाऱ्या एका अनोळखी गिऱ्हाइकासाठी. त्या माणसाला याने पाहिलेलं नाही. तोही कदाचित मनातून हिरवाच रंग शोधत असेल, आणि काळा घेईल, कारण त्यालाही पुढे विकायची आहे. अशी ही साखळी. प्रत्येकजण पुढच्यासाठी निवडतो, आणि स्वतःसाठी निवडणारा कोणीच उरत नाही. पर्याय वाढले की स्वातंत्र्य वाढतं असं आपण धरून चालतो. इथे पर्याय वाढले आणि निवडणाराच जागेवरून उठून गेला.

भारतात तर आणखी एक गोष्ट आहे. परदेशात पूर्ण बांधून आलेल्या गाडीवर सीमाशुल्क लागतं ते तिच्या सगळ्या मूल्यावर, म्हणजे आतल्या प्रत्येक ऑप्शनवरही. साहजिकच माणूस आणखी भितो, आणखी काळा होतो. किंवा उलट, एवढे दिलेच आहेत तर सगळंच टाका, म्हणतो. दोन्ही वेळा तो गाडीकडे पाहत नाही, बिलाकडे पाहतो.

मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे तो वाचतो. “सर, मग यादी हातात आली तर नेमकं करायचं काय?” चांगला प्रश्न आहे. मी असं करीन. आधी यादी मिटवून ठेवीन. एका कागदावर लिहीन : ही गाडी मी कुठे, किती आणि कोणाबरोबर चालवणार आहे. घाटात रविवारी सकाळी, एकटा? की बायकोबरोबर लांबच्या प्रवासाला? मग यादी उघडीन. शरीराला जे लागतं ते पहिलं. सीट, स्टिअरिंग, गिअर, पाय, समोरची काच. पैसे तिथे खर्च करीन. लांबच्या प्रवासाला जायचं असेल तर चांगली सीट घेताना दहा किलो वाढले तरी हरकत नाही. तिथे मोती नाकाला पेलतो. त्यानंतर रंग, आणि रंगात भिणार नाही. जे फक्त सांगण्यासाठी आहे, ‘माझ्याकडे हेही आहे’ म्हणण्यासाठी, ते सोडून देईन. फ्यूज बॉक्स तर नक्कीच.

ज्यांना गाडी घ्यायची नाही, म्हणजे माझ्यासकट या सभागृहातले जवळजवळ सगळे, त्यांनीही घरी गेल्यावर आपण निवडलेल्या वस्तूंकडे एकदा या नजरेने पाहावं. यातलं काय आपल्या हातासाठी घेतलं, काय डोळ्यांसाठी घेतलं, आणि काय शेजाऱ्यासाठी किंवा कधी न भेटणाऱ्या गिऱ्हाइकासाठी घेतलं. पहिल्या दोन्हींबद्दल मी काही बोलणार नाही. तिसऱ्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.